शिकाऊ डॉक्टरला मोटार हवी की नको: चार उपनगरांतील चौकशीचा प्रवास

माझ्या प्रवासाची निदान तीन वर्णने आमच्या मुलुंडच्या सोसायटीत प्रचलित आहेत. पहिले माझा मुलगा सिद्धार्थ जेवणाच्या टेबलावर सांगतो. दुसरे तळमजल्यावरच्या प्रधानांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले, आणि त्याखाली हसरे चेहरे डकवणाऱ्यांत मी ज्यांच्या मुलांना दहावीची भूमिती फुकट शिकवली तेही आहेत. तिसरे लिफ्टमध्ये ऐकू येते; त्यात मी मोटारीसकट खाडीत जाता जाता वाचतो. तिन्ही वर्णने चुकीची आहेत. प्रवासाला मी गेलो होतो, हे लोक गेले नव्हते. तेव्हा झाले ते क्रमाने लिहून ठेवणे मला भाग आहे.

युरोपला जाऊन आलेले प्रधान विचारतील, की मुलुंडहून अंधेरीला जाण्यात प्रवास तो कसला. त्यांना मार्गदर्शकाने बसमध्ये बसवले आणि बसमधून उतरवले. मुंबईच्या उपनगरांत स्वतः मोटार हाकणाऱ्याला असे कोणी बसवत नाही आणि उतरवतही नाही. तो जिथे अडकला तिथला मुलूख त्याला पाहावाच लागतो.

वादाचे मूळ सांगतो. माझी नात संघमित्रा, घरातली मित्रा, डॉक्टरीची शेवटची परीक्षा देऊन एका सरकारी रुग्णालयात वर्षभराची इंटर्नशिप करते आहे. आमच्या घराण्यातली ती पहिली डॉक्टर. माझे वडील अकोला जिल्ह्यातून विक्रोळीच्या एका कारखान्यात आले, मी त्याच कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन झालो, आणि निवृत्तीच्या सुमारास मी एक लहान राखाडी मोटार घेतली. आमच्या विक्रोळीच्या जुन्या चाळीपुढे उभी राहिलेली ती पहिली खासगी मोटार होय. हेही काही जण नाकारतात. त्यांच्या मते पहिली मोटार कांबळ्यांची होती. कांबळ्यांची टॅक्सी होती.

सिद्धार्थचे म्हणणे, गाडी आता विकावी. पुरावा म्हणून तो पार्किंगमधल्या खांबाकडे बोट दाखवतो. तो खांब बांधतानाच रेषेबाहेर गेलेला आहे, हे मी सोसायटीच्या सभेत आकृतीसह मांडले आहे. माझे म्हणणे, गाडी मित्राला लागेल. वैद्यक शिकणाऱ्या मुलीला कुठेही आणि केव्हाही जावे लागते, म्हणून तिच्याजवळ मोटार आणि ती चालवण्याचा परवाना असलाच पाहिजे. मित्राने शिकाऊ परवाना काढला होता, शिकवणीच्या चार फेऱ्याही मारल्या होत्या. त्यानंतर परवाना तिच्या पाकिटात विश्रांती घेत होता. सिद्धार्थच्या मते मुंबईत डॉक्टरीच्या विद्यार्थ्याला गाडी म्हणजे गळ्यात बांधलेला दगड.

त्याच सुमारास मित्राच्या नेत्रविभागाने अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि विक्रोळी अशी डोळे तपासणीची शिबिरे लावली. सामान विभागाच्या व्हॅनमधून जायचे, इंटर्न मुलांनी आपापले पोहोचायचे. घरात ठरले, की चारही ठिकाणी मी मित्राला मोटारीने नेईन. मोटारीचा उपयोग सिद्ध झाला तर मोटार राहील आणि मित्रा चालवायला शिकेल. नाही झाला, तर मोटार जाईल. मोटार गेली की माझे चालवणेही गेले, हे वाक्य कोणी उच्चारले नाही.

अंधेरी

पहिले शिबिर अंधेरीच्या समुद्राकडच्या टोकाला, वर्सोव्याच्या कोळीवाड्यात होते. पवईवरून जाणारा जोडरस्ता तुंबलेला असल्याने मी साकीनाक्याचा जवळचा मार्ग निवडला. त्या मार्गाने उशीर झाला असे सिद्धार्थ सांगतो. उशीर मार्गाने केला नाही, मार्गावरच्या इतर वाहनांनी केला. छोट्या कारखान्यांतून लोखंडी सळया भरलेले टेम्पो उलटे बाहेर पडत होते, आणि मित्रा घड्याळाकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होती.

कोळीवाड्याची गल्ली माझ्या आराखड्याच्या अंदाजाने मोटारीच्या रुंदीहून वीतभर जास्त होती. मोटार आत गेली. यापुढे प्रधान लिहितात, की ती अडकली. ती अडकली नाही, ती थांबवली गेली. एका घरी लग्नाची हळद होती आणि गल्लीत मांडव पडत होता. हिरूबाई नावाच्या एका धिप्पाड बाईंनी काचेवर टकटक केली.

"आजोबा, गारी हलव ना. मांडव बांधाचा हाय."

मी मागे पाहिले. मागे बांबू रचले जात होते. पुढे आचारी मोठी पातेली उतरवत होते. हिरूबाईंनी दोन्हीकडे पाहून निर्णय दिला, की गाडी इथेच राहू दे, लग्न काय रोज नसतं. मित्रा दप्तर घेऊन शिबिराकडे धावली, आणि मी मोटारीपाशी पहारा देत राहिलो. थोड्या वेळाने लक्षात आले, की मांडवाच्या एका कोपऱ्याची दोरी बांधायला खुंटी सापडत नसल्याने ती माझ्या मोटारीच्या मागच्या बंपरला बांधली गेली आहे. मी हरकत घेतली नाही. मोटारीचा उपयोग सिद्ध होण्यास तिथूनच प्रारंभ झाला होता.

दुपारी मला पाहुणा म्हणून पंगतीत बसवले. तांदळाची पातळ भाकरी, ओल्या बोंबलांचे कालवण आणि जवळ्याची चटणी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि सुकट. आमच्या घरात समुद्र नेहमी वाळून यायचा. इथे तो ओला, तिखट आणि आंबट होता. हिरूबाईंना मी ही तुलना समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणून सांगतंय, ओलं खा. सुकं काय, गरीबाचं." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आणखी एक बोंबील वाढला, आणि मी तो अपमान भाकरीबरोबर गिळला.

मांडव उतरेपर्यंत मोटार हलू शकत नव्हती. मित्रा सहकाऱ्यांबरोबर बसने घरी गेली. जाताना म्हणाली, "आबा, गाडीची खरंच गरज होती. नाहीतर मांडव पडला असता." या वाक्याचा सूर सिद्धार्थ वेगळा सांगतो. मी शब्द तेवढे नोंदवतो.

बोरिवली

दुसऱ्या शिबिराला आम्ही लवकर निघालो. जोगेश्वरीला महामार्गावर वाहने अशी उभी होती, की शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी दाढी उरकली. डोक्यावरून मेट्रो जात होती. मित्रा खिडकीतून वर पाहत राहिली, आणि तिसऱ्या की चौथ्या मेट्रोला तिने पट्टा सोडला.

"आबा, मी वर जाते हं. तुम्ही या आरामात."

सोसायटीत सांगतात, की मी उशिरा पोहोचलो. वस्तुस्थिती अशी, की ती लवकर पोहोचली.

बोरिवलीत मोटार उभी करायला जागा शोधणे हा स्वतंत्र प्रवास होता. शिबिराच्या शाळेपुढे भाजीबाजार, त्यापुढे दुचाक्यांची रांग, त्यापुढे एका इमारतीचा पहारेकरी, जो माझ्याकडे मी त्याच्या घरात शिरत असल्यासारखा पाहत होता. शेवटी जागा मिळाली ती मागाठाण्याला. तिथून शाळेकडे यायला मेट्रो होती. मित्राचे वर्णन, की आबा शेवटी मेट्रोने आले. मी मेट्रोने आलो नाही. प्रतिपक्षाच्या साधनाची परीक्षा घेणे न्यायाला धरून होते, म्हणून मी ती घेतली. डबा थंड आणि स्वच्छ होता, आणि एका मुलीने उठून मला जागा दिली. ती जागा मी नाकारली. पुढच्या स्टेशनला ती पुन्हा रिकामी झाली तेव्हा मी बसलो, कारण तेव्हा ती कोणाची नव्हती.

शिबिरात मित्रा एका आजीबाईंना अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होती. खालच्या ओळी आजींना दिसेनात. मी भिंतीशी उभा राहून मनातल्या मनात सगळ्या ओळी म्हटल्या. आजींच्या आधी बऱ्याच जणांनी त्या माझ्यासमोर मोठ्याने वाचल्या होत्या.

घाटकोपर

तिसरे शिबिर घाटकोपरजवळ असल्फ्याच्या टेकडीवर होते. तिथली घरे एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी वर चढत जातात आणि रस्ता खालीच संपतो. मोटार पायथ्याला ठेवून आम्ही पायऱ्या चढलो. मी मध्ये तीनदा थांबलो, तो देखावा पाहण्यासाठी.

इथे मित्राचा वर्गमित्र हर्षिल भेटला. हा घाटकोपरचाच, वडिलांचे दुकान, घरी दोन मोटारी, खिशात पक्का परवाना. आणि स्वारी मेट्रोने आणि पायी आलेली. मला साक्षीदार सापडल्याचा आनंद झाला. मी त्याला सर्वांसमक्ष विचारले, की परवाना असून तू गाडी का आणत नाहीस.

"आजोबा, पहिल्या वर्षी आणायचो ना. रोज गाडी कुठे लावू, गाडी कुठे लावू. प्रोफेसर विचारायचे पेशंटची हिस्टरी, मला पाठ वॉचमनची हिस्टरी. शेवटी पप्पांना म्हटलं, ठेवा तुमची गाडी, वाट लागली माझी."

"आणि परवाना? तोही व्यर्थ?"

"छे. मम्मीला रात्री दम्याचा त्रास झाला तेव्हा मीच गाडी काढली. लायसन्स पाहिजेच. गाडी रोज नको."

एकाच साक्षीदाराने दोन्ही पक्षांना उपयोगी पडावे, हे मला बेशिस्तीचे वाटले. त्याच्या आईने दिलेले खिचू मात्र त्याने आमच्यात वाटून घेतले. तांदळाच्या पिठाची ती गरम उकड, वर कच्चे तेल आणि तिखट. आमच्याकडे अशी उकड आजारी माणसाला देतात. घाटकोपरात धडधाकट माणसे ती मिटक्या मारत खातात, आणि टेकडी चढून आल्यावर त्यांचे बरोबर वाटते.

टेकडीवरचे वृद्ध पुरुष तपासणीला बसेनात. बायका आल्या, पुरुष दारात उभे राहून आम्हाला सगळं दिसतंय म्हणत होते. मित्रा म्हणाली, आबा, तुम्ही बसा, मग हे बसतील. मी अभिमानाने बसलो आणि बोरिवलीचाच तो तक्ता वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत आवाजात म्हटला. दारातून कौतुकाचा आवाज आला. मित्राने तो तक्ता उतरवून दुसरा लावला, ज्यात एकच चिन्ह निरनिराळ्या दिशांना तोंड करून असते आणि ते कुठे वळले आहे एवढेच सांगायचे असते. तो तक्ता न शिकलेल्यांसाठी असतो. आयुष्यभर केसाएवढ्या रेघा आखलेल्या माणसापुढे तो लावणे उचित नव्हते, आणि या मनःस्थितीत माझी काही उत्तरे तिच्या उत्तरांशी जुळली नाहीत.

तिने छोट्या विजेरीने माझ्या डोळ्यांत पाहिले. "आबा, अंधार पडल्यावर समोरच्या गाड्यांचे दिवे पसरल्यासारखे दिसतात का?"

"हल्ली दिवे तसेच बनवतात," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बरं." मग तिने पुढच्या माणसाला बोलावले. डॉक्टरांचे हे 'बरं' मी ओळखतो. ते बरे नसते.

विक्रोळी

चौथे शिबिर माझ्या स्वतःच्या मुलखात होते: विक्रोळीला, आमच्या जुन्या चाळीच्या बुद्धविहारात. महामार्गावर मोटार छान चालली होती. मित्रा शेजारी बसून वाटेतल्या पाट्या मला वाचायला सांगत होती, जणू खेळ. मी एकामागून एक वाचत गेलो: सरळ शीव, डावीकडे विक्रोळी. ती ऐकत होती. चाळीच्या रस्त्याच्या तोंडाशी आलो तेव्हा तिने विचारले, "आणि ही?"

"वाहने सावकाश चालवा," मी वाचले आणि वळलो.

त्या क्षणी ती पाटीकडे पाहत नव्हती, माझ्या डोळ्यांकडे पाहत होती. तिने समोर पाहिले आणि म्हणाली, "आबा, थांबा." मी तत्काळ थांबलो. हे तत्काळ कोणीच सांगत नाही. मी थांबलो तेव्हा डावे पुढचे चाक ओल्या काँक्रीटमध्ये होते.

रस्त्याचे नवे काम चालू होते. अडथळ्याचा पत्रा होता, पण आपल्या दुचाक्या जाव्यात म्हणून चाळकऱ्यांनीच तो बाजूला सरकवला होता. पाटीवर, असे मला मागाहून कळवण्यात आले, 'काम चालू, पुढे रस्ता बंद' असे लिहिले होते. सावकाश चालवण्याची पाटी तिथे माझ्या काळी होती.

चाळ बाहेर आली. बहुतेकांनी मला ओळखले. "जय भीम, साहेब. आलात बरं केलंत," एक म्हातारे शेजारी म्हणाले, "पण रस्ता सुकल्यावर आला असता तरी चाललं असतं." कांबळ्यांचा मुलगा, जो आता स्वतः आजोबा आहे, बनियनवर आला आणि चाकाकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "काका, आमच्या बाबांची टॅक्सी आत गेली नसती."

सगळ्यांनी मिळून मोटार मागे ओढली. कामाचा मुकादम थापी घेऊन खूण बुजवायला निघाला. कांबळ्यांच्या मुलाने त्याला अडवले. म्हणाला, राहू द्या, कडेलाच आहे, आमच्या चाळीच्या साहेबांची सही आहे ती. मुकादम वैतागला, पण त्याच्यासमोर अख्खी चाळ उभी होती. या माणसाविषयी मी टॅक्सीच्या वादात जे काही बोललो आहे, त्यातले थोडे मागे घेतो. टॅक्सी मात्र टॅक्सीच होती.

शिबिर संपल्यावर मित्रा विहाराच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातात दोन कटिंग चहा होते.

"आबा, ती पाटी तुम्ही वाचली की आठवली?"

"रस्ता माझ्या पायाखालचा आहे."

"ते विचारलं नाही मी."

मी चहा प्यायलो. तिने वाट पाहिली. रुग्ण उत्तर देईपर्यंत थांबायला त्यांना शिकवत असावेत.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," ती म्हणाली. "डाव्यात जास्त. आमच्या मॅडमना दाखवू, पण मला दिसला. ऑपरेशन झालं की झकास दिसेल. तोवर गाडी नाही चालवायची, आबा. आज काँक्रीट होतं."

आज काँक्रीट होते, एवढेच ती म्हणाली. समोर मुले त्या ओल्या रस्त्याच्या कडेने पळत होती. वाक्य पुरे करण्याची गरज मलाही वाटली नाही.

"म्हणजे तुझा बाप जिंकला," मी म्हणालो.

"बाबांचं वेगळं. मला ड्यूटीला जायला गाडी नको, हे खरंच आहे. मी वॉर्ड बघू की पार्किंग? पण लायसन्स काढणार मी."

"गाडी नको, तर परवाना काय भिंतीवर लावणार?"

"तुम्हाला ऑपरेशनला नेणार कोण, आणणार कोण?"

"रिक्षा असतात."

"आता रिक्षा आठवली होय? इतके दिवस मुंबईत रिक्षाच नव्हत्या."

इथे माझे सर्व टीकाकार एकच चूक करतात. ते सांगतात, की नातीने आजोबांची किल्ली काढून घेतली. तिने किल्ली मागितलीही नव्हती. मी खिशातून ती काढली, तिच्यावरचा धुरळा रुमालाने पुसला आणि मित्राच्या हातावर ठेवली. घेतलेली किल्ली आणि दिलेली किल्ली यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याच्या प्रवासावर लिहू नये.

हर्षिलने शिबिराच्या एका भित्तिपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर लाल मार्करने शिकाऊ चालकाचा मोठा एल काढला आणि तो काचेला आतून चिकटवला. एल जगाकडे आणि पत्रकाची छापील बाजू माझ्याकडे. त्यामुळे विक्रोळी ते मुलुंड मी सबंध वाट 'मोतीबिंदू वेळीच ओळखा' हे वाक्य वाचत आलो. अक्षरे मोठी होती.

मित्राने मोटार भांडुपला बंद पाडली, पुन्हा सुरू केली आणि पुन्हा बंद पाडली. मागे ट्रकचा भोंगा वाजत होता. मी सूचना दिल्या. त्या मी ओरडून दिल्या असे ती म्हणते; ट्रकच्या भोंग्यापेक्षा वरचा आवाज लागत होता. तिसऱ्या वेळी क्लच बरोबर सुटला आणि मोटार सुरळीत निघाली, तेव्हा मला करण्यासारखे काही उरले नाही. मी डावीकडे पाहिले. तिथे मुलुंडचे डोंगर होते, धुरकट आणि कडा नसलेले. इतकी वर्षे त्या रस्त्यावरून मी गेलो, पण नजर कायम पुढच्या गाडीवर. डोंगर एवढे जवळ आहेत हे कोणी सांगितले नव्हते, आणि ते खरोखर धुरकट आहेत की मलाच तसे दिसतात, हे विचारायला मी मित्राला त्या वेळी त्रास दिला नाही. ती गिअर बदलत होती.

आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा प्रधान गॅलरीत होते. त्यांनी गटावर लिहिले, की आजोबांना डावीकडे पाहुण्यासारखे बसवून आणले. मी त्यांना तिथेच उत्तर दिले आहे आणि इथे पुन्हा देतो: शिकाऊ चालकाच्या शेजारी परवानाधारक माणूस बसलेला असावा लागतो. सबब तो प्रवास माझ्याविना होऊच शकत नव्हता. मित्राने मोटार जागेवर लावताना खांबाला किंचित स्पर्श केला. सिद्धार्थ खिडकीतून पाहत होता. खांबाविषयी त्या दिवसापासून तो काही बोललेला नाही.

निकाल असा. डॉक्टरी शिकणाऱ्याला मोटारीची गरज नाही. परवान्याची आहे. मोटारीची गरज आजोबांना आहे, आणि ती चालवण्यासाठी त्यांना एक डॉक्टर लागते. मोटार पार्किंगमध्ये आहे. मित्रा ड्यूटीला लोकलने आणि मेट्रोने जाते, आणि तिचा पक्का परवाना त्याच पाकिटात आहे.

माझ्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. मॅडमनी हिरवा दिवा दाखवल्यावर मित्राने विचारले, की आबा, पहिल्यांदा कुठे जायचं. ती मला विक्रोळीला घेऊन गेली. वाटेतल्या सगळ्या पाट्या मी वाचल्या, खाली बारीक अक्षरांत लिहिलेले कंत्राटदाराचे नावसुद्धा. डोंगर धुरकट नव्हते. रस्ता सुकून वापरात आला होता, आणि त्याच्या कडेला, चाळीच्या तोंडाशी, माझ्या चाकाची खूण होती, नक्षीसकट. कांबळ्यांचा मुलगाही खाली आला. आम्ही तिघे बराच वेळ वाकून पाहत उभे राहिलो.

"सरळ आहे," मी म्हणालो.

मित्राने माझ्याकडे पाहिले, मग खुणेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "बरं," ती म्हणाली.

खूण सरळच आहे. ज्या वाचकांना शंका असेल त्यांनी स्वतः विक्रोळीला जाऊन पाहावे. आणि तिथे उभे राहूनही ती कोणाला वाकडी दिसली, तर त्याने विलंब न करता डोळे तपासून घ्यावेत. पुढचे शिबिर कुठे आहे, ते माझी नात सांगेल.